बार्जमधला एक टन किती वेळा मोजायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

रेवसच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले, तर कोळसा आणि लोहखनिज भरलेल्या बार्जेस खाडीत शिरून धरमतरच्या दिशेने जाताना दिसतात. पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्याला लागणारा कच्चा माल त्या घेऊन येतात. परदेशातून येणारी मोठी जहाजे या उथळ पाण्यात येऊ शकत नाहीत. म्हणून ती मुंबईजवळ खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहतात किंवा जयगड बंदरात माल उतरवतात, आणि पुढचा प्रवास तो माल या लहान जहाजांतून करतो. ही धरमतरची खाडी आणि तिला मिळणारी अंबा नदी २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० ठरली. रेवसपासून नागोठण्याच्या एसटी स्थानकाजवळच्या पुलापर्यंत तिची लांबी ४५ किलोमीटर आहे.

राष्ट्रीय जलमार्गांवरून २०१३-१४ या वर्षी सुमारे १ कोटी ८१ लाख टन माल वाहून नेला गेला आणि २०२४-२५ मध्ये हाच आकडा १४ कोटी ५५ लाख टनांवर पोहोचला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. २०३० पर्यंत २० कोटी आणि २०४७ पर्यंत ५० कोटी टनांचे उद्दिष्टही जाहीर झालेले आहे. या आकड्यांमागे धरमतरच्या बार्जेस आहेत, गंगेतल्या आणि ब्रह्मपुत्रेतल्या आहेत, गोव्यातल्या मांडवीतल्या आहेत. त्यातला प्रत्येक टन कोणी, कोठे आणि कसा मोजला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी काही वर्षे वाहतुकीच्या आकडेवारीचे तक्ते जुळवण्याचे काम केले असल्यामुळे हा विषय मला केवळ कागदावरचा वाटत नाही.

सुरुवात वजनापासून करू. ट्रक काट्यावर उभा करता येतो, बार्ज उभी करता येत नाही. तिच्यातला माल पाण्याकडूनच मोजून घ्यावा लागतो आणि या पद्धतीला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. बार्जच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागावर, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणी खोलीच्या खुणा रंगवलेल्या असतात. माल भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर सर्व्हेयर लहान होडीतून फिरून या सहाही खुणा वाचतो. त्यांवरून बार्जने किती पाणी बाजूला सारले, ते तिच्या तक्त्यात, म्हणजे किती खोल बुडाल्यावर ती किती पाणी सारते हे दाखवणाऱ्या कोष्टकात, पाहून काढले जाते. त्यातून इंधन, पिण्याचे पाणी आणि तोल सांभाळण्यासाठी घेतलेले पाणी वजा केले, की दोन वाचनांमधला फरक म्हणजे माल.

यात एक अडचण अशी आहे, की तक्ता सहसा समुद्राच्या पाण्यासाठी केलेला असतो. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन १.०२५ टन धरतात, गोड्या पाण्याचे १ टन. खाडीचे पाणी या दोहोंच्या मधे कोठेतरी असते आणि ते स्थिरही नसते. भरतीला ते खारट होते, ओहोटीला नदीचे पाणी वरचढ होते आणि श्रावणात तर खाडीच्या आतल्या टोकाला ते जवळजवळ गोडेच असते. तक्त्याप्रमाणे ३,००० टन भरणारी बार्ज निव्वळ गोड्या पाण्यात त्याच खुणेपर्यंत बुडाली असेल, तर तिचे खरे वजन सुमारे २,९२७ टन असते. म्हणजे पाण्याची घनता न मोजता वाचन घेतले, तर एका खेपेत ७३ टनांची चूक होऊ शकते. म्हणून चांगला सर्व्हेयर प्रत्येक वेळी बादलीत पाणी काढून त्यात हायड्रोमीटर सोडतो. कोट्यवधी टनांच्या आकड्याचा पाया त्या बादलीपाशी आहे, आणि हे काम करणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

ही नोंद पुढे कशी जाते, हे थोडक्यात सांगतो. माल भरणारा, जेट्टी चालवणारा आणि जहाजमालक यांच्याकडे खेपेचा कागद असतो. त्यावर जहाजाचे नाव, मालाचा प्रकार, वजन आणि भरण्या-उतरवण्याची ठिकाणे लिहिलेली असतात. १९८६ मध्ये स्थापन झालेले भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण अशा नोंदी जलमार्गनिहाय गोळा करते आणि आता त्यासाठी ‘कार-डी’ नावाचे संकेतस्थळही आहे. केंद्रीय मंत्रालयाचा वाहतूक संशोधन विभाग प्राधिकरणाकडून, राज्यांकडून आणि कंपन्यांकडून माहिती घेऊन वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करतो. जहाजांची नोंदणी पूर्वी १९१७ च्या कायद्याखाली राज्याराज्यांत विखुरलेली होती. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज अधिनियमाने त्यासाठी मध्यवर्ती माहितीसाठ्याची तरतूद केली. कोणती जहाजे अस्तित्वात आहेत हेच ठाऊक नसेल, तर कोणी माहिती पाठवली नाही हेही कळत नाही, म्हणून ही तरतूद आकडेवारीच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्यासाठी गोव्यात जावे लागेल. उसगावच्या बाजूला मांडवीच्या काठी लोहखनिज भरलेली बार्ज मुरगाव बंदराकडे निघते. कोरड्या दिवसांत ती मांडवीने थेट मुखापर्यंत जाते, आग्वादजवळून बाहेर पडते आणि काबोच्या टोकाला वळसा घालून मुरगावला पोहोचते. पावसाळ्यात मात्र मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा येतो आणि तेथून जाणे धोक्याचे होते. तेव्हा बार्ज मधूनच कुंभारजुव्याच्या कालव्यात वळते, कुठ्ठाळीजवळ झुआरीत उतरते आणि झुआरीतून मुरगाव गाठते.

२०१६ च्या अधिनियमात मांडवी हा जलमार्ग क्रमांक ६८ आहे, कुंभारजुवे २७ आणि झुआरी १११. तिन्ही जलमार्गांच्या तक्त्यांत आपापल्या पाण्यातून गेलेल्या मालाची नोंद व्हायलाच हवी, कारण गाळ काढायचा तो त्या त्या पाण्यातला आणि दिवे लावायचे तेही त्या त्या काठावर. पण या तिन्ही तक्त्यांची बेरीज करून ‘गोव्याची जलवाहतूक’ असे लिहिले, तर श्रावणातला एक टन तीनदा मोजला जाईल आणि मार्गशीर्षातला एकदाच. खाणीतून माल तेवढाच निघाला, बंदरात तेवढाच पोहोचला, तरी पावसाळ्यात वाहतूक तिप्पट झाल्याचा भास होईल. यावर उपाय एकच आहे. मोजणीचे एकक जलमार्ग न ठेवता खेप ठेवायची. एका खेपेला एक क्रमांक द्यायचा, ती कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे लिहायचे, आणि वाटेतले जलमार्ग त्या नोंदीच्या आत उपनोंदी म्हणून ठेवायचे. असे केले, तर जलमार्गाचा हिशेबही राहतो आणि राज्याची बेरीजही खोटी ठरत नाही.

धरमतरला हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. परदेशातून आलेला कोळसा मुंबईजवळ जहाजातून बार्जमध्ये उतरला, तेव्हा तो तेथल्या बंदराच्या हिशेबात आयात म्हणून बसतो. धरमतरला तो पुन्हा उतरला, की महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या लहान बंदरांच्या तक्त्यात त्याला जागा मिळते. आणि रेवसच्या आत शिरल्यामुळे जलमार्ग क्रमांक १० च्या तक्त्यातही तो असतो. या तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. बंदर जे मोजते ती हाताळणी असते, जलमार्ग जे मोजतो ती वाहतूक असते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बंदरात चढवलेला आणि दुसऱ्या बंदरात उतरवलेला एक टन हाताळणीत दोन टन होतो, वाहतुकीत एकच राहतो. अमुक वर्षी पाण्यावरून एवढा माल गेला असे सांगताना जो हाताळणीचे आकडे वाहतुकीत मिसळतो, तो नकळत श्रोत्याची दिशाभूल करतो.

जयगडहून धरमतरला येणाऱ्या जहाजाचा बहुतेक प्रवास खुल्या समुद्रातून होतो आणि शेवटचा थोडासाच खाडीतून. टन मोजताना याने काही बिघडत नाही, पण अंतर मोजायला लागलो, की मोठा फरक पडतो. तेव्हा रेवसच्या बाहेरचे अंतर किनारी जहाजवाहतुकीत आणि आतले अंतर जलमार्गात, अशी विभागणी करावीच लागते.

अंतर मोजावेच का, असे कोणी विचारील. उदाहरणादाखल पाहा. २,००० टनांची बार्ज खाडीत २५ किलोमीटर आत आली, तर टनांना अंतराने गुणून ५०,००० टन-किलोमीटर काम झाले. गंगेच्या जलमार्गावर हल्दिया ते वाराणसी हे अंतर सुमारे १,३९० किलोमीटर आहे. तेथे १,००० टनांची एक खेप पूर्ण अंतर गेली, तर १३ लाख ९० हजार टन-किलोमीटर काम झाले. टनांच्या तक्त्यात खाडीची बार्ज गंगेच्या बार्जच्या दुप्पट दिसते. प्रत्यक्षात रेल्वेचे आणि रस्त्याचे किती ओझे पाण्याने उचलले, हे पाहिले तर गंगेची खेप सत्तावीस पटींहून मोठी आहे. देशाच्या एकूण मालवाहतुकीतला जलमार्गांचा वाटा २ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर न्यायचा आहे, असे २०३० च्या सागरी आराखड्यात म्हटले आहे. हा वाटा टनांवरून काढला, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या भरतीच्या पाण्यातल्या छोट्या फेऱ्या त्याला अवास्तव फुगवतील. तो टन-किलोमीटरवरच काढला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणातल्या खाड्यांचे महत्त्व कमी लेखण्यासाठी मी हे म्हणत नाही. डोलवीचा कारखाना या खाडीवर उभा आहे आणि हा माल ट्रकने आणायचा झाला, तर मुंबई-गोवा रस्त्याचे काय होईल, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको.

युरोपीय संघाने या विषयाचे नियम फार नेटके लिहिले आहेत. तेथे २००६ मध्ये केलेला आणि २०१८ मध्ये नव्याने मांडलेला कायदा ज्या देशाच्या जलमार्गांवरून वर्षाला १० लाख टनांहून अधिक माल जातो, त्याला माहिती देणे बंधनकारक करतो. ५० टनांहून कमी क्षमतेची जहाजे, प्रवासी जहाजे आणि नदी ओलांडणाऱ्या फेरी वगळल्या जातात. देशांतर्गत, आंतरराष्ट्रीय आणि केवळ वाटेत देश ओलांडून जाणारी वाहतूक वेगळी दाखवली जाते. मुख्य म्हणजे जहाज कोणत्या देशाचे आहे यापेक्षा ते कोणाच्या पाण्यातून गेले, हे पाहिले जाते. ऱ्हाईनसारख्या अनेक देशांतून वाहणाऱ्या नदीसाठी दुसरा मार्गच नाही.

हे नियम आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट ट्रक आणि मोटारी घेऊन वाशिष्ठीची खाडी ओलांडते. ती जलमार्ग क्रमांक २८ वरून जात नाही, त्याला आडवी जाते, म्हणून तिच्यावरच्या ट्रकचे वजन मालवाहतुकीत धरू नये, हे मला पटते. परंतु ५० टनांची अट कोकणात लावली, तर हातपाटीने रेती काढून होडीतून काठावर आणणारे सगळे लोक तक्त्याबाहेर जातील. प्रत्येक होडीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे अशक्य आहे. वर्षातले काही दिवस निवडून, भरती-ओहोटीचे वेळापत्रक लक्षात घेऊन, ठरावीक धक्क्यांवर नमुना मोजणी करणे शक्य आहे. असा अंदाज मुख्य बेरजेत न मिसळता शेजारी स्वतंत्र ओळीत दाखवावा.

ऱ्हाईनचे एक वर्ष मला येथे सांगावेसे वाटते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काउब येथील मापकावर पाण्याची पातळी २५ सेंटिमीटरपर्यंत खाली गेली. मापकाचे शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, त्यामुळे जहाजे पूर्ण थांबली नाहीत, पण त्यांना क्षमतेचा काही भागच भरून जावे लागले. त्या वर्षी जर्मनीतील अंतर्देशीय जलवाहतूक आधीच्या वर्षापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी घटून १९ कोटी ८० लाख टनांच्या आसपास आली. नुसत्या टनांवरून एवढेच कळते. फेऱ्यांची संख्या आणि दर फेरीचा भार शेजारी ठेवला, तरच घट मागणीची होती की पाण्याची, हे कळते. आपल्याकडे गंगेत उन्हाळ्यात पाणी उतरते, तेव्हा हाच प्रश्न दरवर्षी उभा राहतो. गोव्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज उत्खनन आणि वाहतूक थांबवली, तेव्हा घट पाण्यामुळे झाली नव्हती आणि बार्जेसमुळेही नव्हती. नदी तीच होती, खाणी बंद होत्या. तक्त्याखाली अशी एक ओळ छापली नाही, तर तीस वर्षांनी तो पाहणारा माणूस चुकीचे कारण शोधत बसेल.

आणखी एक गोष्ट. २०१६ पूर्वी देशात राष्ट्रीय जलमार्ग पाच होते, त्यानंतर १११ झाले. १ कोटी ८१ लाख आणि १४ कोटी ५५ लाख हे दोन आकडे शेजारी ठेवताना, दोन्ही वर्षी एकच जाळे टाकून मोजले का, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. वाढ खरी आहे, मोठी आहे, आणि ती आणखी व्हावी असे मलाही वाटते. म्हणूनच जुने आणि नवे जलमार्ग वेगवेगळ्या स्तंभांत दाखवावेत.

मी तक्ते जुळवत असताना एकदा चढवलेला आणि उतरवलेला माल काही केल्या जुळेना. अखेर कळले, की काही बार्जेस ३१ मार्चला संध्याकाळी भरल्या होत्या आणि १ एप्रिलला उतरल्या होत्या. एका कार्यालयाने भरल्याची तारीख धरली होती, दुसऱ्याने उतरल्याची. चूक कोणाचीच नव्हती, कोणती तारीख धरायची हे कोणी ठरवलेच नव्हते. त्यानंतर आम्ही प्रत्येक खेपेच्या नोंदीत दोन्ही तारखा लिहायला लागलो आणि वर्षाची बेरीज उतरल्याच्या तारखेने करायचे ठरवले. त्या फॉर्मवर मग एक रकाना वाढला. त्याच्या शेजारी पाण्याच्या घनतेचाही रकाना असावा, असे तेव्हापासून माझे म्हणणे आहे.

नमस्कार.