अंगठ्याने केलेली पायपीट

(दृश्य: अंधारी खोली. फक्त मोबाईलचा उजेड.)

पहाटेचे पाच. मुलगा पलंगावर आडवा, पाय पांघरुणात. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा गोल दिसतो. त्यावर अंगठा सरकतो आणि नकाशावरचं पात्र सिडनीच्या रस्त्यांवरून चालू लागतं. ऑस्ट्रेलियात मिळणारा कांगास्खान हा खेळातला प्राणी त्याला अंथरुणातूनच पकडायचाय.

खऱ्या रस्त्यांच्या नकाशावर फिरून पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा हा मोबाईलवरचा खेळ, पोकेमॉन गो, जुलै २०१६ मध्ये आला तो माणसांना घराबाहेर काढायला. चालाल तर सापडेल, एवढाच त्याचा करार. तो मोडायला काय लागतं?

(दृश्य: उपग्रह, मग हातातला फोन.)

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश जुळवून फोन आपली जागा ठरवतो. खेळ मात्र फोनलाच विचारतो, ‘आपण कुठे आहोत?’ अँड्रॉइडमध्ये ‘मॉक लोकेशन’ची, म्हणजे फोनला खोटी जागा सांगण्याची सोय आहे. नकाशाचं ॲप तपासायला डेव्हलपरला गावोगाव हिंडावं लागू नये, म्हणून दिलेली. खोटं याच दाराने आत शिरलं. खेळ ते पकडू लागला, तेव्हा लोकांनी ॲपच फोडलं, आतला कोड बदलला आणि जॉयस्टिक, म्हणजे तो कोपऱ्यातला गोल, बसवून नवी आवृत्ती वाटायला सुरुवात केली.

यात धंदाही होता. ‘पोकेगो प्लस प्लस’ ही अशीच बदललेली आवृत्ती बनवणाऱ्या ग्लोबल प्लस प्लस या गटावर खेळाची तेव्हाची मालक कंपनी नायँटिकने जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात खटला भरला. २०२१ मध्ये तो ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

(दृश्य: पाऊस. देवळासमोरचा पार.)

मी हा खेळ खेळतो. आमच्या देवळासमोर एक जिम आहे, म्हणजे नकाशावरची पोकेमॉनच्या लढतींची जागा. गेल्या पावसाळ्यात ऑफिसातून येताना, छत्री मानेत अडकवून, ओल्या बोटांनी स्क्रीन पुसत मी ते जिंकलं. माझा पोकेमॉन तिथे टिकला तर दर दहा मिनिटांनी एक नाणं मिळतं, दिवसाला जास्तीत जास्त पन्नास. मी चप्पल काढेपर्यंत तो बाहेर फेकला गेला होता. खिडकीतून पाहिलं. पारावर कुत्रं झोपलेलं, बाकी चिटपाखरू नाही. हरल्याचं वाईट वाटत नाही हो. समोर माणूस असता तर हसून हात केला असता, या खेळाने मला असेच मित्र दिलेत.

खोटी जागा दाखवताना पकडलं गेलं तर पहिल्यांदा सात दिवसांची ताकीद, मग तीस दिवसांची बंदी, तिसऱ्यांदा अकाउंट कायमचं बंद. पण मला त्या मुलाच्या अकाउंटपेक्षा त्याच्या फोनची काळजी जास्त वाटते.

जुलै २०१६ मध्ये भारतात हा खेळ अधिकृतपणे आलाच नव्हता, तो आला डिसेंबरात. तोवर आपल्याकडची मुलंही बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, उतरवून खेळत होती. त्याच दिवसांत प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीला एक फाइल सापडली. दिसायला हुबेहूब पोकेमॉन गो, आत ड्रॉइडजॅक. फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारा प्रोग्राम. खेळ सुरू होण्याचा पडदा अगदी तोच, आणि पाठीमागे मेसेज, कॉल, कॅमेरा, सगळं उघडं. कोड कोणी बदलला हे ठाऊक नसलेलं ॲप आपण ज्या फोनवर घेतो, त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो.

(दृश्य: गावाची वेस. मारुतीचं देऊळ.)

स्पूफिंग, म्हणजे अशी खोटी जागा दाखवून खेळणं, करणाऱ्यांचं एक गाऱ्हाणं मात्र खरं आहे. या खेळाचा नकाशा इन्ग्रेस या आधीच्या खेळातून आला, आणि त्यातल्या जागा मुख्यतः शहरातल्या खेळाडूंनी सुचवलेल्या. शहरात चौकाचौकात पोकेस्टॉप, म्हणजे खेळातलं सामान मिळण्याची ठिकाणं, आणि खेड्यातल्या पोराने मैलभर चालूनही नकाशा कोराच. त्याचा राग मला कळतो.

पण वरची लेव्हल गाठलेला खेळाडू नवी जागा सुचवू शकतो. वेशीवरच्या मारुतीपाशी जायचं, उजेड बघून फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या. कधी नामंजूर होऊन परत येतो, पुन्हा पाठवावा लागतो. मंजूर झाला की एके सकाळी कोऱ्या नकाशावर, बरोबर मारुतीपाशी, निळं चिन्ह उगवतं.