धाप कशाची, हे घरात विचारा

[दृश्य: इमारतीची गॅलरी. एसीच्या मागे कबुतराचं घरटं.]

जिना चढताना दम लागतो. खोकला कोरडा, महिनोन् महिने जात नाही. अशा रुग्णाला आपल्याकडे बऱ्याचदा दम्याचा पंप मिळतो, नाहीतर थुंकीत जंतू न सापडताही नुसत्या एक्स-रेवरून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. खरा आजार वेगळाच असू शकतो: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे कबुतरांची विष्ठा, बुरशी अशा गोष्टींचे कण श्वासात जाऊन फुप्फुसाला येणारी ॲलर्जीसारखी सूज. चुकीच्या उपचारात महिने जातात आणि फुप्फुस आतून ताठर होत राहतं. हा उशीर टाळता येतो.

[दृश्य: पाठीवर स्टेथोस्कोप.]

पाठीच्या खालच्या भागात नीट ऐकायचं. दम्यात बहुधा श्वास सोडताना शिट्टी वाजते. या आजारात श्वास घेताना, वेल्क्रोची पट्टी ओढून काढावी तसा चरचर आवाज येतो.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची चाचणी. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट. छाती पूर्ण भरायची आणि एकदम जोरात, हवा संपेपर्यंत फुंकायचं. नीट जमलेल्या निदान तीन फुंकरी हव्यातच. रुग्ण मध्येच थांबला, तर फुप्फुस आहे त्याहून लहान दिसतं. एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर श्वासनळ्या अरुंद: दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार). हे प्रमाण ठीक, पण एकूण हवाच कमी, तर फुप्फुस आखडल्याची शंका घ्यायची.

बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६ दाखवेल. तेवढ्यावर रुग्णाला घरी पाठवू नये. ३० मीटरच्या सरळ पट्ट्यात ६ मिनिटं चालवलं, की तोच आकडा ८८ वर येऊ शकतो.

[दृश्य: सीटी स्कॅनचा पडदा.]

सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो, म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन. एकदा श्वास भरून, एकदा सोडून. श्वास सोडल्यावरही काही ठिपके काळेच राहिले, तर तिथे हवा अडकली आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची ही महत्त्वाची खूण.

फुप्फुसाच्या जाळीच्या, म्हणजे फुप्फुस ताठर करणाऱ्या अशा आजारांची (आयएलडी) भारतातली नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतल्या १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच आजार होता आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी किंवा कामावर कूलर होता.

म्हणून विचारायचं: गॅलरीत कबुतरं बसतात? शेजारी दाणे टाकतात? कूलरच्या ताट्या कधी बदलल्या? भिंतीला ओल आहे? उशी पिसांची आहे? साखर कारखान्यात साठवलेल्या बगॅसजवळ (उसाच्या चिपाडाजवळ) काम आहे का? गावी गेल्यावर खोकला कमी होतो? घाईच्या ओपीडीत नेमके हेच प्रश्न राहून जातात.

कबुतराविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात सापडल्या, तर संपर्क आला एवढंच कळतं. आजार सिद्ध होत नाही. तरीही शंका उरली, तर दुर्बिणीतून फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढतात. त्यात लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३० टक्क्यांहून जास्त निघाल्या, तर निदानाला बळ येतं. शेवटचा निर्णय छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घ्यावा.

आजाराचं मूळ घरात तसंच राहिलं, तर स्टेरॉइडने आलेला आराम टिकत नाही. घरटं हलवा, जाळी लावा. वाळलेली विष्ठा झाडू नका, आधी पाण्याने भिजवा. हे काम रुग्णाने करायचं नाही, आणि ते चालू असताना त्याने घरात थांबायचंही नाही.