चूल बदलली, आंबटपणा राहिला

(पडद्यावर: लाकडी घर. खोलीचा मोठा कोपरा व्यापणारी पांढरी भट्टी.)

जुन्या रशियन खेड्यात घराचा सगळा स्वयंपाक हिच्यात व्हायचा. ही 'पेच'. आत लाकडं जाळायची, निखारे बाजूला ओढायचे, मडकं आत सरकवायचं आणि तोंडाला झाकण लावायचं. त्यानंतर आच वाढत नाही, हळूहळू उतरत जाते.

मडकं जवळून पाहा. बूड अरुंद, पोट फुगीर, कारण इथं उष्णता चहूबाजूंनी येते. लांब दांड्याच्या दुबेळक्या लोखंडी काट्यानं ते मानेखाली धरून आत-बाहेर करायचं. आंबवलेल्या कोबीचं 'श्ची' नावाचं सूप आणि बकव्हीटची (कुट्टूची) 'काशा', म्हणजे लापशी, या उतरत्या आचेवर तासन्‌तास मुरतात. चव बघत आच कमी-जास्त करणं मात्र इथं जमत नाही.

पूर्वेकडून आलेल्या गोष्टी या घरात सहज सामावल्या. पेल्मेनी, म्हणजे मांस भरलेल्या पिठाच्या उकडलेल्या करंज्या. हे नाव उरल भागातल्या कोमी-उद्‌मुर्त भाषांतलं, अर्थ 'कानाच्या आकाराची भाकरी'. 1638 मध्ये मंगोल खानाकडून झारला, म्हणजे रशियाच्या सम्राटाला, भेट म्हणून चहा आला.

पश्चिमेचा धक्का मात्र थेट चुलीलाच बसला. 18 व्या शतकात, झार पीटर द ग्रेटनंतर, श्रीमंतांकडे जर्मन, डच आणि पुढं फ्रेंच आचारी आले. त्यांच्यासोबत 'प्लिता' आली, म्हणजे वरून सपाट शेगडी. आच खालून, म्हणून भांडंही सपाट बुडाचं. मांस बारीक कापून झटपट परतणं, सॉस आटवणं आता शक्य झालं. 'सूप', 'कोत्ल्येता' (कटलेट), 'बुतेरब्रोद' (लोणी लावलेला पाव) हे शब्दही पश्चिमेकडूनच आले.

(पडद्यावर: तव्यावर मांसाचे तुकडे.)

बीफ स्त्रोगानोव्ह याच शेगडीचं अपत्य. येलेना मोलोखोवेत्स यांच्या पाकपुस्तकाच्या 1871 च्या आवृत्तीत त्याची कृती आहे. मांसाच्या लहान तुकड्यांना दोन तास आधी मीठ-मिरी लावायची. लोणी आणि मैदा परतून त्यात मांसाचं पाणी घालायचं. हा पाया अस्सल फ्रेंच. मग एक चमचा सारेप्ताची मोहरी आणि शेवटी दोन मोठे चमचे 'स्मेताना', म्हणजे आंबवलेली साय. मश्रूम आणि कांदा त्या कृतीत नाहीत.

सारेप्ता ही व्होल्गाकाठची जर्मन वसाहत, 1765 मध्ये वसलेली. तिथली मोहरी म्हणजे ब्रासिका जुन्सिया, आपल्या फोडणीतल्या मोहरीचीच जात.

हा पदार्थ दोन ठिकाणी बिघडतो. तव्यात गर्दी केली की मांसाला पाणी सुटतं, ते परतलं न जाता उकडतं आणि चिवट होतं. म्हणून थोडं थोडं परता. दुसरं, स्मेताना उकळली की फाटते. आच बंद करा, आधी तिच्यात दोन चमचे गरम रस्सा कालवा आणि मग ती भांड्यात ओता.

(पडद्यावर: बीट कापणारे हात.)

'विनेग्रेत' हे नाव फ्रान्समधल्या व्हिनेगरच्या सॉसचं. रशियात ते चक्क बीटच्या सॅलडला चिकटलं, आणि आम्हाला हे रूपांतर सगळ्यांत सुंदर वाटतं. चौघांसाठी 2 बीट, 3 बटाटे, 2 गाजरं, मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या 3 काकड्या, 200 ग्रॅम आंबवलेला कोबी, 4 मोठे चमचे सूर्यफुलाचं तेल. सूर्यफूल मूळचं अमेरिकेतलं, पण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या दिवशी लोणी चालत नसल्यानं त्याच्या तेलानं रशियन स्वयंपाकघरात कायमची जागा मिळवली.

बीट सालासकट, शेपूट न कापता उकडा. नाहीतर रंग पाण्यात जातो. सगळ्या भाज्या पूर्ण गार करा, मग अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोन कापा. बीट आधी एकटंच तेलात घोळवा. तेलाचा थर बसला की ते बटाट्याला फारसं रंगवत नाही. हा क्रम चुकला तर सगळं एकसारखं गुलाबी होतं. व्हिनेगर लागतच नाही; आंबटपणा काकडी आणि कोबीतून येतो, जसा श्चीत येतो. उद्यासाठी ठेवायचं असेल तर काकडी आणि कोबी वेगळे ठेवा आणि वाढताना मिसळा. रात्रभरात त्यांना पाणी सुटतं आणि बटाटा गिळगिळीत होतो.