मु. पो. परळ

(दृश्य: सकाळ. चाळीचं मागचं अंगण. पत्र्याच्या डब्यांची रांग.)

तेलाचे १५ किलोचे डबे. वरचा पत्रा कापलेला, कडा हातोडीने आत दुमडलेल्या, म्हणजे पाणी घालताना हात कापत नाही. प्रत्येक डब्यात सदाफुली. डब्यावर ऑइलपेंटने एक नाव आणि नावाखाली पत्ता. मु. पो. आजरा. मु. पो. पाटण. मु. पो. देवरुख.

चाळ परळची, पत्ते बाहेरगावचे.

(दृश्य: डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. रुग्णालयाचं फाटक, बाहेरून.)

इथून चालत दहा मिनिटांवर टाटा. ‘टाटाला दाखवलंय’ असं कोणी म्हटलं की मराठी माणूस पुढचं विचारत नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी. त्यांच्या ट्रस्टने उभं केलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हापासून गावोगावचे पेशंट परळला उतरतात. कोणाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळते, कोणाला फूटपाथ. ज्यांचं कोणी गिरणीत होतं, ते अशा चाळींत आले. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सहा माणसं, त्यात हा पाहुणा आणि त्याच्यासोबत आलेलं कोणीतरी. केमोच्या दिवशी घरात फोडणी द्यायची नाही, वासाने उलटी होते. हे इथल्या बायकांना कुठल्या डॉक्टरने सांगावं लागलं नाही.

(दृश्य: आजी पाणी घालताहेत.)

त्या पाहुण्यांचे हे डबे. जे गेले त्यांचे, बरे होऊन गावी परतले त्यांचे आणि ज्यांनी त्यांचं केलं त्यांचेही. सगळे एकाच रांगेत, एकाच निळ्या रंगात. कोण कुठल्यातलं, ते डब्यावरून कळत नाही. आम्हीही सांगणार नाही.

सदाफुलीच का? एक तर ती फुकट येते, गटाराच्या भेगेतही उगवते. आणि विनब्लास्टिन, विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं तिच्यातूनच मिळाली. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना विनक्रिस्टिन आजही देतात. मात्र चिमूटभर औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. डायबेटिसवर चालतात म्हणून कोणी पानं खुडायला आलं की आजी ओरडतात. बरोबर करतात, ती विषारी आहेत.

(दृश्य: गंजलेला डबा उलटा. तळ हातात येतो.)

दोन पावसाळ्यांत तळ जातो. मग नवा डबा. खिळ्याने पाच भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती. बाहेरून पांढरा हात, तो एक दिवस सुकतो. मग पेंटरकाका सुतळीला खडू चोळून रेघ उठवतात आणि जुना डबा समोर ठेवून नाव पुन्हा लिहितात. आधी शिरोरेघ, मग काने, वळणं शेवटी. एकेकाळी गिरण्यांच्या फाटकांवरचे आणि गणपती मंडळांचे बोर्ड त्यांच्या हातचे असायचे. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. ‘देवरुख’ लिहायला त्यांना दीड मिनिट लागलं, ते आम्ही कापलेलं नाही. ‘रु’चा उकार कसा टाकतात तेवढं बघा.

२०११ साली काकांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. तंबाखू. बोलणं स्पष्ट येत नाही, त्यामुळे या फिल्मभर तुम्हाला त्यांचे हातच दिसतील.

रांगेतला सातवा डबा त्यांचा. मु. पो. परळ.

(दृश्य: गच्चीवरून अंगण.)

चाळीचा पुनर्विकास ठरलाय. नव्या नकाशात या जागी पार्किंग आहे.

(दृश्य: ब्रश, रिकामी बाटली.)

पावसाआधी अजून नऊ डबे बदलायचेत. टर्पेंटाइन संपलंय, एक पोरगा आणायला गेलाय.