एकही म्हातारा न वाढता गाव म्हातारं कसं होतं?

(चाळीच्या गॅलरीत, कठड्याला टेकून)

नमस्कार मंडळी. लालबागमधल्या आमच्या चाळीचा हा दुसरा मजला. आज रविवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, म्हणजे सगळे कामावर गेलेत असं म्हणायलाही जागा नाही. तरी गॅलरीत माणसं किती? पाच. चौघं सत्तरीच्या पुढची, पाचवा मी. आणि मीही इथे राहत नाही, डोंबिवलीला राहतो. आईची महिन्याची औषधं घेऊन आलोय, कॅमेरा बॅगेतच होता.

आता एक सोपं गणित करू. समजा, एका वाडीत १०० माणसं आहेत आणि त्यातली १५ साठीच्या पुढची आहेत. २० तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडले. मागे राहिली ८०. म्हातारी माणसं तेवढीच, १५. पण १०० मध्ये १५ होती, ती आता ८० मध्ये १५ झाली. १५ टक्क्यांवरून जवळजवळ १९ टक्के! एकही म्हातारा वाढला नाही, तरी वाडी म्हातारी झाली. वर त्या २० जणांची पोरंही आता दुसरीकडेच जन्माला येणार. एक माणूस गेला की गावाच्या हिशेबातून दोन पिढ्या जातात.

मुलं कमी होणं हे दुसरं कारण. ते सगळीकडेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.७ आला. लोकसंख्या टिकायला तो साधारण २.१ लागतो. पण जन्म सगळीकडेच घटले असतील तर काही गावं इतरांपेक्षा लवकर का थकतात? तिथे ते वाडीचं गणित कामाला येतं.

२०११ च्या जनगणनेकडे बघा. (पुढची २०२१ ला व्हायची होती, ती लांबली. त्यामुळे आकडे जुने आहेत, सांभाळून घ्या.) २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तिसरा? बहुतेक जण गडचिरोली म्हणतात. तिसरा जिल्हा आहे मुंबई शहर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा, मी आत्ता उभा आहे तोच. ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर.

म्हणजे कोकणी माणूस जिथून निघाला तेही रिकामं होतंय आणि जिथे पोहोचला तेही. हे एकदा डोक्यात शिरलं आणि मला हा व्हिडिओ करावाच लागला.

आधी कोकण घेऊ. माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत आले. खाली एका खोलीत गाववाल्यांसोबत दाटीवाटीने राहायचे, आजी गावाला, आणि महिन्याला मनीऑर्डर. अशा हजारो घरांची खूण आजही जनगणनेत दिसते: २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि मुंबई शहरात ८३२. तिथे कमी पडलेले पुरुष कुठे असतील, हे वेगळं सांगायला नको. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि आजोबांसारखे कित्येक जण गावी परतले. तरुण असताना गेलेला माणूस म्हातारा होऊन परत आला. गावाचं वय दोन्ही बाजूंनी वाढलं.

'कोकणात काम नाही म्हणून पोरं जातात' हे मीही वर्षानुवर्षं बोलत आलोय. ते अर्धंच खरं आहे. आंब्याच्या हंगामात रत्नागिरीच्या बागांमध्ये जा. राखणीला कोण? नेपाळी. मासेमारीच्या बोटींवर खलाशी कोण? तिथेही नेपाळी. हजारो किलोमीटरवरून माणूस येतोय, म्हणजे काम आहे. पण ते हंगामापुरतं आहे. त्यात पुढे सरकणं नाही, आणि त्या कामावरच्या मुलाला मुलगी कोणी देत नाही. ही शेवटची गोष्ट आपण हसण्यावारी नेतो, पण पस्तिशीचा अविवाहित भाऊ घरात असलेल्यांना विचारा. 'मुंबईला असतो' एवढं स्थळाच्या कागदावर यावं म्हणून दहा बाय दहात राहणारी पोरं मी पाहिली आहेत.

मग बाग स्वतःची करावी, होमस्टे काढावा? बरं, सातबारा काढा. आमच्या सातबाऱ्यावर २७ नावं आहेत. पाच जण वारलेत, त्यांचे वारस लागलेले नाहीत, आणि एका चुलत आत्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. जमीन आहे, माणूस आहे, उमेदही आहे. सह्या नाहीत.

एकदा माणसं पातळ व्हायला लागली की बाकीचंही ढासळतं. शाळेचा पट घसरतो, मग शाळा बंद. प्रवासी नाहीत म्हणून एसटीची फेरी बंद. फेरी नाही म्हणून कॉलेजची पोरगी तालुक्याला खोली घेते, आणि तिच्यामागून आई जाते.

आता मुंबई शहर. इथे दुखणं उलटं आहे. काम आहे, घर नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू टिकला, हे चांगलंच झालं, नाहीतर लालबाग-परळमध्ये मराठी माणूस औषधालाही उरला नसता. पण पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेली, खोली हातची जाऊ नये म्हणून तिथे घरचं कुणीतरी राहावं लागतं. कोण राहणार? आई-बाबा. दीडशे चौरस फुटांत सून कुठे आणणार? मुलगा डोंबिवली, बदलापूर, विरारला. २००१ ते २०११ या त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, तो असा. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर झालेत, पण त्यातला फ्लॅट या चाळीतल्या पोराला परवडायचा नाही.

पैसे देऊन तरुण आणता येतात का? जपानने २०२३ पासून टोकियो सोडून ठरावीक भागांत जाणाऱ्या कुटुंबांना दर मुलामागे दहा लाख येनपर्यंत देऊ केले. इटलीत सिसिली बेटावरच्या सांबुका गावाने २०१९ मध्ये पडकी घरं एक युरोच्या बोलीपासून लिलावात काढली. घरं गेली, पण घेणाऱ्यांत सुट्टीपुरते येणारे परदेशी बरेच. मला वाचताना हसू आलं, कारण सुट्टीपुरतं उघडणारं घर ही आमच्या गावची खासियत. आमच्या वाडीत अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं आहेत. ती गणपतीत आणि शिमग्यात निघतात.

गणपतीचं रेल्वे बुकिंग साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. या वर्षी आम्ही तिघं भाऊ तीन मोबाइल घेऊन बसलो होतो, तरी वेटिंगच. पण जाणार, काहीही करून जाणार. त्या पाच दिवसांत वाडीत पोरांचा गोंगाट, आरतीला जागा पुरत नाही, कुणी आलं तर खरं वाटणार नाही की एरवी इथे संध्याकाळी जेमतेम सातच घरांत दिवे लागतात.

आणि काकी पहिल्या दिवशी, मी बॅग खाली ठेवायच्या आतच विचारते, "जायचं तिकीट कधीचं काढलंस?"