समोर क्युलिन, हातात टॅलिस्कर

'डोंगर बघत व्हिस्की पिणं' हा माझ्या भाषणाचा विषय फलकावर लागला तेव्हा कार्यवाहांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सोबत प्रात्यक्षिक वगैरे नाही ना?" नाही. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि सभागृहाच्या नियमावलीत तो बसत नाही. त्यामुळे आज सगळं कोरडंच आहे.

मी बोलणार आहे स्काय बेटाबद्दल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला अगदी बिलगून असलेलं हे बेट. १९९५ साली पूल झाला, तेव्हापासून गाडीने थेट जाता येतं. तिथे एखाद्या जुन्या हॉटेलच्या अंगणात बसायचं, हातात ग्लास घ्यायचा आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहायचं, यासाठी जगभरातून माणसं येतात. मीही गेलो. हा आनंद खराच मोठा आहे, त्यात पाणी घालण्याचा माझा इरादा नाही. माझं म्हणणं इतकंच की समोरचा तो देखावा घडवलेला आहे. थोडा ज्वालामुखीने, थोडा बर्फाने आणि बराचसा माणसांनी. ग्लासातली व्हिस्कीही त्याच कारखान्यातून आलेली आहे.

आधी दगड, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. स्कायच्या उत्तर आणि पश्चिम भागात फिरताना सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला चुकल्यासारखं होत नाही. एकावर एक थर, पायऱ्यापायऱ्यांचे उतार, माथ्यावर सपाटी. हा बेसॉल्ट आहे, लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला सहा कोटींच्या आसपासचा. दोन्हींचा उगम वेगळा, पण घडण तीच. मग दक्षिणेकडे वळलं की एकदम वेगळंच काही समोर येतं, ते म्हणजे काळे क्युलिन डोंगर. इथला लाव्हा बाहेर पडलाच नाही. जमिनीखाली हळूहळू थंड होऊन त्याचा गॅब्रो हा खडक झाला, वरचं आवरण झिजून गेलं आणि हिमनद्यांनी उरलेलं कोरून काढलं. सुमारे बारा किलोमीटरची ही करवतीसारखी धार आहे. सर्वांत उंच शिखर स्गूर अ‍ॅलस्टर, ९९२ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणून कुणी नाक मुरडेल; पण ते समुद्रातून सरळ उठतं, आणि तिथल्या खडकात लोह इतकं की धारेवर होकायंत्राचा काटा भरकटतो. गॅब्रो इतका खरखरीत की बुटाला घट्ट धरतो आणि हाताची सालटी काढतो. मध्येच बेसॉल्टची पट्टी लागते, ती ओली असली तर मात्र साबण.

हे सगळं बसल्या जागेवरून बघायचं तर स्लिगाखन. गाव म्हणावं असं तिथे काही नाही. रस्त्यांचा तिठा, जुना दगडी पूल आणि १८३०च्या दशकापासून उभं असलेलं हॉटेल. अंगणातल्या लाकडी बाकावर बसलं की समोर स्गूर नन गिल्यनचं टोक, आणि खाडीच्या दिशेला वळून पाहिलं तर उजव्या हाताला ग्लामेग, लालसर मुरमाचा मोठा ढीग असावा तसा. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे जेवण उरकून बाहेर आलं तरी उजेड असतो. बारमध्ये व्हिस्कीच्या बाटल्यांनी भिंत भरलेली. माप २५ किंवा ३५ मिलीचं, कोणतं ते पाटीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या लार्जची सवय असलेल्या माणसाला ते पाहून वाटतं, ग्लास धुतला तेव्हाचं पाणी राहिलंय. बिअर हवी असेल तर बेटावरच्याच उइग बंदरात बनते. नावंही बरीच वर्षं डोंगराचीच होती, रेड क्युलिन आणि ब्लॅक क्युलिन.

आता खरी अडचण सांगतो, जी जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. मिज. चिलटाहून लहान, आणि चावायला ढेकणाची बहीण. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचं राज्य. वारा जरा सुटला की त्यांना उडता येत नाही. म्हणजे पेच असा की संध्याकाळ शांत असली, ढग वर गेले, डोंगर स्वच्छ दिसू लागले, की हे ढगांनी येतात. आणि मिज नाहीत अशी संध्याकाळ म्हणजे वारा एवढा की बाटलीवरचं लेबल उडेल. तिथल्या माणसाला विचारलं तर तो वारा निवडतो.

त्याच हॉटेलात नॉर्मन कॉली नावाचे गृहस्थ आयुष्याच्या शेवटी येऊन राहिले. लंडनमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. क्ष-किरण वैद्यकीय कामासाठी वापरून पाहणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. पण जीव क्युलिनमध्ये अडकलेला. स्कॉन्सर गावच्या जॉन मॅकेंझी या वाटाड्याबरोबर त्यांनी ती शिखरं पालथी घातली. प्राध्यापक आणि क्रॉफ्टर, म्हणजे चार पट्ट्यांचा कुळवाडी, अशी ही जोडी. दोघांच्याही नावाची शिखरं त्या धारेवर आहेत. मॅकेंझी १९३३ साली गेला. दुसऱ्या महायुद्धात सुटीवर आलेल्या एका तरुण वैमानिकाने कॉलींना तिथे पाहिलं आणि लिहून ठेवलं: पांढऱ्या केसांचा म्हातारा, कुणाशी बोलत नाही, जेवणाच्या वेळेला येतो आणि खिडकीला अगदी चिकटवलेल्या टेबलाशी वाइन घेऊन एकटाच बसतो. १९४२ साली कॉली गेले, आणि स्ट्रुआन गावी मॅकेंझीच्या शेजारी त्यांना पुरलं. २०२० साली दोघांचा पुतळा त्या पुलाजवळ बसवला. स्कायवर ग्लास घेऊन डोंगराकडे बघणाऱ्या माणसांची यादी केली, तर मी पहिलं नाव त्यांचंच लिहीन.

याच कॉलींचा आपल्या बाजूशी एक धागा जुळतो. १८९५ साली ते नंगा पर्वताच्या मोहिमेत होते, आणि पाचव्या गुरखा पलटणीतले चार्ल्स ब्रूस तिथे काही काळ त्यांच्या सोबतीला होते. चार वर्षांनी ब्रूस स्कायला आले, ते हरकबीर थापा या गुरखा जवानाला घेऊन. हरकबीर स्लिगाखनच्या दारातून निघाला, ७७५ मीटर उंचीचं ग्लामेग चढला आणि परत आला. सांगतात की तिथल्या मॅकलाउड सरदाराचा त्याला लागलेल्या वेळेवर विश्वासच बसेना, तेव्हा हा पठ्ठ्या पुन्हा धावला. अनवाणी. दारापासून दारापर्यंत पंचावन्न मिनिटं. आजही जुलैमध्ये तिथे ग्लामेगची शर्यत होते, आणि हौशी मंडळी अंगणात बिअर घेऊन बसून ठिपके मोजतात.

आता ग्लामेगच्या समोर, खाडीच्या पलीकडे बघा. बेन ली. बुटका, गवताळ, कुणी फोटो काढत नाही असा डोंगर. माझ्या मते स्लिगाखनहून दिसणाऱ्या डोंगरांत महत्त्वाचा हाच. त्याच्या पायथ्याला ब्रेज नावाच्या वाड्या. तिथल्या क्रॉफ्टरांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या बेन लीवर चरायची. लॉर्ड मॅकडोनल्ड या जमीनमालकाने ती चराई १८६५ साली काढून मेंढपाळाला दिली. १८८२ साली लोकांनी सांगितलं, चराई परत मिळेपर्यंत खंड देणार नाही. नोटिसा घेऊन आलेल्या माणसाच्या हातातल्या नोटिसा जाळून टाकल्या. मग एप्रिलमध्ये पकडवॉरंट बजावायला ग्लासगोहून पन्नासेक पोलीस मागवावे लागले. पावसात, अरुंद वाटेवर, बायकांनी वरून दगडांचा मारा केला. डोकी फुटली, माणसं पकडली गेली, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पुढच्या वर्षी सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८८६ साली कायदा झाला, त्याने क्रॉफ्टरला जमिनीवरून उठवणं जवळजवळ अशक्य केलं. आपल्याकडच्या कूळकायद्याच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही.

पण तोवर उशीर झाला होता. १८४१च्या खानेसुमारीत स्कायची लोकसंख्या २३ हजारांच्या वर होती; आज दहा हजारांच्या आसपास आहे. मेंढ्या माणसांपेक्षा जास्त उत्पन्न देतात असं मालकांच्या लक्षात आलं, आणि गावंच्या गावं उठवून कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या जहाजांवर चढवली गेली. मग बटाट्याच्या पिकावर रोग पडला, तेव्हा उरलेले निघाले. आपण जी 'निर्मनुष्य शांतता' बघायला तिकीट काढून जातो, ती अशी तयार झाली. दरीत उतरून गवतात नीट पाहिलं तर गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींचे चौकोन दिसतात. घरं होती ती.

आणि ग्लास? कार्बोस्टला चला. लॉख हार्पोर्ट या खाडीच्या काठी, पांढऱ्या भिंतींची टॅलिस्कर डिस्टिलरी. १८३० साली ह्यू आणि केनेथ मॅकअ‍ॅस्किल या भावांनी ती काढली. ते आइग बेटावरून आले, मॅकलाउडकडून टॅलिस्करची जमीन पट्ट्याने घेतली, कुळं हलवून मेंढ्या आणल्या, आणि मग भट्टी. म्हणजे मेंढीचा पैसा आणि व्हिस्की एकाच घरातली. तिथला पाद्री या भट्टीवर आगपाखड करायचा, गावाला लागलेला शाप म्हणायचा. पुढे मालक बदलत गेले, भाऊही कर्जात बुडाले, ती वेगळी कथा.

आत गेलं की पहिल्यांदा वास येतो, जळक्या पीटचा. पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत कुजून दबलेली वनस्पती. वाळवली की सरपण. तिच्या धुरात जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणलेले दाणे, सुकवतात. पण माझी नजर बाहेरच्या लाकडी पिंपांवर खिळली. तांब्याच्या पात्रातून निघालेली वाफ बहुतेक डिस्टिलऱ्या हल्ली नळ्यांच्या बंदिस्त यंत्रात थंड करतात. इथे अजून जुनी रीत आहे: एक लांबच लांब तांब्याची नळी, साप वेटोळं घालतो तशी, पिंपातल्या थंड पाण्यात बसवलेली. वाफेचा तांब्याशी संपर्क तुलनेने कमी येतो, म्हणून उतरणारा माल जड, थोडा गंधकी, भरदार. १९६० साली कोळशावर तापणाऱ्या पात्रातून मद्य उतू गेलं आणि पात्रांची इमारत जळाली. पुन्हा बांधताना पाचही पात्रं होती तशीच घडवली, वाकड्या मानेसकट. चव बदलेल ही धास्ती. नेहमीची दहा वर्षांची बाटली ४५.८ टक्क्यांची असते. पहिल्या घोटाला धूर, मग गोडसर काहीतरी, आणि गिळल्यावर घशात मिरी. सोडा घालणाऱ्यांना मी काही म्हणणार नाही, पण थेंब-दोन थेंब पाणी घालून बघा, वास उघडतो.

एक गोष्ट मला फार आवडली. गाडी चालवत आलेल्याला तिथे चाखायला देत नाहीत. त्याचा वाटा छोट्या कुपीत भरून हातात देतात, घरी जाऊन प्या म्हणून. स्कॉटलंडने २०१४च्या डिसेंबरात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातली मद्याची मर्यादा दर १०० मिलीमागे ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली. एका ग्लासातही ती ओलांडली जाऊ शकते. त्यात रस्ते एकपदरी, समोरून गाडी आली की जागोजागच्या फुगवट्यात थांबायचं, आणि वळणावर मेंढी बसलेली. देखाव्याबरोबर पिणं म्हणजे तिथे मुक्कामाला असणं. दुपारपुरतं येऊन, फोटो काढून, पुढच्या ठिकाणाकडे पळणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

राहिले मॅकलाउड. डनव्हेगनच्या त्यांच्या किल्ल्यात एक बैलाचं शिंग आहे, चांदीने मढवलेलं, रोरी मोर या सरदाराच्या नावाचं. त्यात दीड बाटलीच्या आसपास क्लॅरेट, म्हणजे लाल फ्रेंच वाइन, मावते, आणि गादीच्या वारसाने ते एका दमात रिकामं करायचं, अशी रीत. हे सरदार फ्रेंच वाइन इतकी रिचवायचे, की १६०९ साली राजाला बेटांवरच्या वाइनच्या आयातीवर बंधनं घालावी लागली. यांच्याच एका पूर्वजाची आख्यायिका आहे. अ‍ॅलस्टर क्रोटाख एडिंबरोत राजाच्या मेजवानीला गेला, तेव्हा कुणी खोचकपणे विचारलं, तुमच्या बेटावर असा दिवाणखाना, अशी मेजं, असे दिवे असतील का हो? तो म्हणाला, याहून मोठे. राजा आला तेव्हा त्याने डनव्हेगनजवळच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर पानं मांडली. छत म्हणून आभाळ, आणि भोवती मशाली धरून उभे असलेले त्याचे लोक. ते डोंगर आजही मॅकलाउडची मेजं म्हणून ओळखले जातात. बेसॉल्टची सपाटी अशीही कामाला येते.

याच घराण्याच्या जॉन मॅकलाउडने १९६५ साली ते शिंग दोन मिनिटांच्या आत रिकामं केलं. आणि याच जॉन मॅकलाउडने २००० साली काळे क्युलिन विकायला काढले. किंमत एक कोटी पौंड. कारण काय, तर किल्ल्याचं छप्पर गळतंय. लोक खवळले. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना या जमिनीवरून उठवलं, ते विचारू लागले की डोंगर यांचा कधीपासून? कागदपत्रं तपासली गेली, वाद झाले, आणि शेवटी डोंगर विकला गेलाच नाही. त्या वर्षी स्लिगाखनच्या बारमध्ये यावर किती ग्लास रिकामे झाले असतील याची मी फक्त कल्पना करू शकतो.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलंय, कधी जावं. मेमध्ये. पाऊस त्यातल्या त्यात कमी, मिज अजून जागे व्हायचे असतात, उजेड साडेनऊ-दहापर्यंत, आणि आपल्या मुलांना सुट्टी. राहायची जागा पाच-सहा महिने आधी बघा, डिस्टिलरीची फेरीही आधीच नोंदवा. चौघं असाल तर गाडी चालवणारा रोज बदला, नाहीतर त्या कुप्या एकाच्याच खिशात जमा होतील आणि परतीच्या विमानात भांडणं होतील.