शनिवारवाड्याचा शनिवार आणि आपली मासिक बैठक

(पुण्यात वारसा-फेऱ्या घेणारे मार्गदर्शक आणि इतिहासप्रेमी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभं राहून आपण सगळेच सांगतो की १० जानेवारी १७३०, शनिवारी वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२, शनिवारीच वास्तुशांत झाली. आता गटातला एखादा चौकस मुलगा मोबाइलवर १७३० सालचं कॅलेंडर उघडतो. १० जानेवारीला मंगळवार दिसतो. मग १७३२ उघडतो, तर २२ जानेवारीलाही मंगळवारच. तो विचारतो, "शनिवार कुठे आहे?" या प्रश्नाचं उत्तर मार्गदर्शकाला जागेवर देता आलं पाहिजे, आणि ते तयार करायची जागा म्हणजे आपली मासिक बैठक.

उत्तर असं आहे. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरलं. त्या महिन्यात २ तारखेनंतर त्यांनी एकदम १४ तारीख धरली. आपल्याकडच्या तिथ्यांचं इंग्रजी तारखांत रूपांतर करताना १७५२ पूर्वीच्या तारखा बहुधा या जुन्या पद्धतीनेच दिल्या गेल्या. मोबाइल मात्र आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे मागे नेत राहतो. अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचं अंतर आहे. तेव्हा १० जानेवारीत ११ मिळवा, २१ जानेवारी १७३० येते, आणि तो शनिवार आहे. २२ जानेवारी १७३२ मध्ये ११ मिळवा, २ फेब्रुवारी येते, तोही शनिवार. शिवकाळासाठी हे अंतर १० दिवसांचं धरायचं. पोर्तुगिजांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारलं होतं, त्यामुळे एकाच घटनेची तारीख गोव्याच्या कागदात एक आणि सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदात दुसरी दिसते. दोन्ही बरोबर असतात. अशा वेळी कुणाला खोटं ठरवण्याची घाई करू नये.

तिथीकडूनही हिशोब करून पाहू. पायाभरणीची तिथी शके १६५१, माघ शुद्ध ३. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकवतात. त्याप्रमाणे १७२९ येतं आणि वर्ष चुकतं. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवायचे. माघ आणि फाल्गुन जवळपास नेहमी या टप्प्यात येतात, पौष मात्र दोन्हीकडे विभागलेला असतो. तो दर वेळी जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या कोष्टकात, पाहावाच लागतो.

पेशवाईच्या कागदांवर शकापेक्षा जास्त भेटतो तो सुहूर सन, म्हणजे आपला अरबी सन. तो अंकांत नसून शब्दांत लिहिलेला असतो आणि एकं आधी येतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच ११६१ सनातली. तिथे ५९९ मिळवले तर लढाई १७६० मध्ये जाऊन पडते. दुसरा खड्डा याहून खोल आहे. तारखेमागे "छ" असतो, म्हणजे चंद्र, आणि पुढे मोहरम, सफर, जमादिलावल अशी महिन्यांची नावं. महिने हिजरीचे पाहून लोक वर्षही हिजरीच समजतात आणि हिजरीच्या कोष्टकात शोधतात. वर्ष सौर आहे, महिने चांद्र आहेत. हे एकदा फळ्यावर सोडवून घेतलं की विसरत नाही, म्हणून प्रत्येक बैठकीत निदान एक तारीख सगळ्यांनी मिळून सोडवावी.

अशा बैठकांची परंपरा या शहराला आहे. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळाच्या पाक्षिक सभांत कुणी एखादं पत्र, एखादी सनद घेऊन येई, ती वाचली जाई, तिच्यावर चर्चा होई आणि मग ती छापली जाई. आपलं काम लहान आहे, पण रीत हीच ठेवावी: कागद आधी आणि मत मागाहून.

बैठक दोन तासांची पुरे. शनिवार-रविवार फेऱ्यांचे दिवस, म्हणून मधल्या वारी घ्या. माणसं बारा ते पंधरा. त्याहून जास्त झाली की बैठकीचं व्याख्यान होतं. एक जण बोलतो, बाकीचे टिपून घेतात आणि पुढच्या रविवारी न तपासलेलं वाक्य पंधरा गटांपुढे जातं. पहिला अर्धा तास एक कागद वाचायचा. पुढचा तास त्या जागी प्रत्यक्ष जायचं. शेवटचा अर्धा तास वहीसाठी, आणि तो कधीही कापायचा नाही.

वहीत प्रत्येक विधानाला एक ओळ: विधान काय, जागा कोणती, आधार काय, तारीख कशी काढली, तपासलं कुणी. आधाराचे चार शिक्के ठेवा. "कागद" म्हणजे त्या काळातलं पत्र किंवा दप्तर, "दगड" म्हणजे शिलालेख किंवा खुद्द बांधकाम, मग "बखर", आणि शेवटी "सांगीव", म्हणजे तोंडी चालत आलेली गोष्ट. शनिवारवाड्याचा वार मोजून निघतो. नाव त्याच वारावरून पडलं, हे विधान मात्र वेगळ्या ओळीत जातं आणि त्याचा आधार वेगळा शोधावा लागतो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तो "कागद". "ध" चा "मा" केला ही कथा "सांगीव", आणि ती सांगताना "असं सांगतात" हे दोन शब्द गाळायचे नाहीत. श्रोत्यांचा रस त्याने कमी होत नाही.

वहीतल्या जुन्या ओळीही शिळ्या होतात. बुधवार पेठेतला भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. "समोर दिसतोय तो वाडा" हे वाक्य तेव्हाच बदलायला हवं होतं. आजचा लालमहाल महापालिकेने १९८० च्या दशकात बांधला, हे तर प्रत्येक गटाला आत शिरण्याआधीच सांगायला हवं. नाहीतर माणसं नव्या भिंतीला हात लावून महाराजांच्या काळचा दगड म्हणून घरी जातात, आणि त्या फसवणुकीला आपण जबाबदार असतो.

कुणी बैठकीला घरचे मोडी कागद आणले तर पहिलं काम म्हणजे त्यांना चिकटपट्टी आणि लॅमिनेशनपासून वाचवणं. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग धरतो आणि लॅमिनेशन पुन्हा सोडवता येत नाही. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. पाठीमागची बाजूही घ्या, कारण पत्ता आणि पोहोचल्याची नोंद अनेकदा तिथेच असते. रुमालातला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला, कागदांचा क्रम मोडू नका. मजकूर फेरीत वापरायचा असेल तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या.

पुढची बैठक सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळात. तिथे संस्कृत आणि फारसी, दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत. अंधार पडल्यावर जाऊ. अक्षर उठून दिसावं म्हणून खडू, पीठ, तेल काहीही लावायचं नाही. तेल दगडात मुरतं आणि त्यावर धूळ बसते. टॉर्च समोरून न मारता दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरायची, म्हणजे खोदलेल्या रेषेत सावली पडते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून असे तीन फोटो घ्यायचे. आडव्या रेषा बाजूच्या उजेडात हरवतात, त्या वरच्या उजेडात सापडतात. फारसी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर सोबत आणा, आणि वहीची कोरी पानं बरोबर ठेवा.